बारा-पाच मानकऱ्यांना आणि पारधीच्या मंडळींना खुले पत्र

गावचे बारा-पाच मानकरी, पारधीला जाणारी समस्त मंडळी आणि शिमग्याला मुंबई-पुण्याहून येणारे आपले चाकरमानी, यांस सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आला की गावात दोन विषय निघतात. होळीला यंदा आंबा कुणाच्या जमिनीतला तोडायचा, आणि रानात कधी जायचं. पहिला विषय मांडावर, म्हणजे देवाच्या कामासाठी गाव जमतो तिथे, निघतो. त्यावर भांडणं होतात, मानपान निघतो, शेवटी काहीतरी ठरतं. दुसरा विषय मात्र कुणाच्या तरी खळ्यात, रात्री जेवणं आटपल्यावर, चार जणांत ठरतो. सकाळी कुणी विचारलं तर "खंय नाय, फिराक गेल्लंव" एवढंच उत्तर. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. खळ्यात जे ठरतं त्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही, आणि मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिची जबाबदारी साऱ्या गावाची आहे.

ती गोष्ट म्हणजे फासकी, जनावर अडकवायला रानात लावलेला वायरचा फास.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर अर्धं पत्र वाचूनच कुणीतरी म्हणेल, आला मोठा प्राणिमित्र. मी मासे-मटण खाणारा माणूस आहे. ताटात मासा नसला तर माझं तोंड वाकडं होतं, हे घरचे सांगतील. आजोबांच्या काळापासून आमच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाचा परवाना होता, आणि हाकाऱ्यांच्या रांगेत मी शाळकरी वयापासून उभा राहिलोय. रानाची जी काही ओळख मला आहे ती पारधीतूनच झाली. ती नाकारून उगाच सोवळं नेसण्यात अर्थ नाही.

ज्या पोरांनी जुनी पारध पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. भात झोडून झालं, गवत वाळलं, ओहोळ आटून कोंडीपुरते उरले की पारधीचे दिवस यायचे. सकाळी देवळात नारळ ठेवायचा, कौल घ्यायचा. कौल उजवा मिळाला नाही तर त्या दिवशी रानात जाणं नाही, मग माणसं कितीही गोळा झालेली असोत. रान कुठलं घ्यायचं, आरडाओरडा करून जनावर उठवणारे हाकारे कुठून सुटणार, मोक्यावर, म्हणजे सावजाच्या वाटेवर दबा धरून, कोण कुठे बसणार, हे ठरवणारा एकच माणूस. आमच्या वाडीत हे काम ज्यांच्याकडे होतं त्या बाबांना सही करता यायची नाही. पण ओहोळाकाठच्या चिखलातला खूर बघून ते सांगायचे की जनावर रात्री गेलंय की पहाटे, एकटं आहे की बरोबर पिल्लं आहेत. खुराच्या कडा ढासळल्यात का, ठशात पाणी साचलंय की नुसती ओल आहे, त्याच्यावरून कोळ्यानं धागा ओढलाय का, एवढं सगळं ते उकिडवे बसून बघायचे. आम्ही पोरं मागे उभी. कुणी घाई केली की हातानंच थांबवायचे.

मोक्यावर जायच्या आधी ते बिडी पेटवायचे. ओढायला नव्हे. धूर कुठे वळतो ते बघायचं, मग ती दगडावर विझवून कानामागे खोचायची. "वारो खंय आसा तां बघ आधी, बंदूक मगे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वारा पाठीवर असेल तर जागा बदलायची, मग ती जागा कितीही हमखास असो.

त्यानंतर बसणं. डास चावला तरी मारायचा नाही, शिंक आली तर नाक दाबून गिळायची. एकदा माझ्याशेजारी बसलेल्या काकांना खोकला आवरला नाही. बाबा तिथे काही बोलले नाहीत. रान संपलं, सगळे वाटेला लागले, तेव्हा म्हणाले, "डुकर इलो नि गेलो, तुझो खोकलो मात्र थंयच आसा." काकांना हे वाक्य गावानं मरेपर्यंत ऐकवलं.

तासभर गप्प बसलं की रान ऐकू यायला लागतं. लांबून हाकाऱ्यांच्या आरोळ्या, पत्र्याच्या डब्यांचा आवाज. मग रानकोंबडा फडफडत उठतो. कुकुडकोंब्याचं घुमणं मध्येच थांबतं. भेकर भुंकतं, एकदा, दोनदा, आणि लांब जातं. आणि मग ऐनाच्या पानांवर पावलं. ऐनाचं पान जाड, वाळलं की कडक. त्यावरून सरडा धावला तरी छाती धडधडते. डुक्कर मात्र थांबत थांबत येतं. चार पावलं, मग काही नाही. ते कान देऊन ऐकतंय हे आपल्याला कळतं, आपणही ऐकतोय हे बहुधा त्यालाही कळत असावं. त्या मधल्या शांततेसाठी मी पारधीला जायचो. बंदूक माझ्या हातात क्वचितच असायची आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

बहुतेक वेळा हात हलवत परत. वाटेत करवंदं, तोरणं, एखाद्या विहिरीचं पाणी, आणि कोणाचा मोका कसा चुकला यावर घरापर्यंत वाद. काही मिळालंच तर वाटे पडायचे. बार ज्याचा, त्याचा मान वेगळा, पण हाकाऱ्याला वाटा होता, कुत्रेवाल्याला होता, रानात न आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरीही पानात बांधून सागुती जायची. विकण्याचा प्रश्न नव्हता.

हे सगळं गोड होतं असं मात्र नाही. दारू पिऊन मोक्यावर बसणारे तेव्हाही होते. सावज जखमी होऊन झाडीत गेलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर जाणारे थोडे, विसरून जाणारे जास्त. आणि झाडीत काहीतरी हललं म्हणून बार काढला आणि आपलाच माणूस गेला, अशा बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून आजही येतात. तेव्हा जुनी पारध पुन्हा सुरू करा, असं मी म्हणत नाहीये.

कायद्यानं तसं म्हणताही येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती, म्हणून जुनी माणसं "आमच्या येळाक चलत होता" म्हणतात ते अगदीच खोटं नाही. 1991 च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. आपल्याकडे अजूनही एक समज आहे की बार काढणारा तेवढा गुन्हेगार, बाकीचे नुसते बरोबर गेलेले. कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या. मारणं, पकडणं, विष घालणं, फास लावणं, सापळा लावणं, यासाठी जनावर हाकणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, या सगळ्याला शिकारच म्हटलंय. म्हणजे डबा वाजवणारा पोरगाही त्यात आला. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतं. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या गाड्या घेऊन रात्री सड्यावर, कातळाच्या माळावर, फिरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता फासकी.

तिला लागतं काय? गॅरेजमध्ये फेकून दिलेली क्लचची नाहीतर ब्रेकची वायर. एका टोकाला सरकता फास, दुसरं टोक झाडाच्या मुळाला किंवा खुंटाला. दगडी गडगा जिथे ढासळलाय, किंवा काट्याकुट्यांच्या वईत जनावरांनी भगदाड पाडलंय, तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर ती अडकवायची आणि वर थोडा पाला टाकायचा. लावणाऱ्याला वारा बघावा लागत नाही, खूर वाचावा लागत नाही, डास सोसत बसावं लागत नाही. तो घरी जातो, जेवतो, झोपतो. कधीकधी दुसऱ्या दिवशी बघायलाही येत नाही, कारण मुंबईची गाडी पकडायची असते. फासकी मात्र तिथेच राहते. पुढच्या पावसाळ्यातही, त्याच्या पुढच्याही.

सड्याच्या उतारावर अशीच एक विसरलेली फासकी मी पाहिली. वासानं कळलं म्हणून तिकडे वळलो. भेकर होतं. मागचा पाय अडकलेला. वायर पोचेल तेवढ्या वर्तुळात जमीन खरवडून निघालेली, गवताची काडी शिल्लक नाही, कुंभ्याची मुळं उघडी पडलेली आणि खोडाची साल एका बाजूनं सोललेली. पायाला वायर जिथे रुतली होती तिथे हाड दिसत होतं. डोळ्यांत मुंग्या. मांस न्यायला कुणी आलेलंच नव्हतं. मी वायर सोडवायला गेलो तर गाठ हातानं सुटेना, घरी येऊन पक्कड नेली तेव्हा निघाली. ती वायर अजून आमच्या पडवीत खिळ्याला आहे, ज्याला बघायची असेल त्यानं यावं.

ती फासकी भेकरासाठी लावलेली नव्हती, हे मलाही कळतं. डुकरासाठीच असणार. पण कोण येतंय हे फासकी बघत नाही, माझी तक्रार एवढीच आहे. मोक्यावर बसलेला माणूस पिल्लाबरोबरची मादी बघून नळी खाली करू शकतो. करतोच असं नाही, पण करू शकतो.

बिबट्याचं तर तुम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. बऱ्याचदा फास बसतो तो कमरेला. डोकं जातं, छाती कशीबशी जाते आणि पोटाशी वायर आवळते. ओढेल तेवढी आत जाते. वनखात्याची माणसं येतात, भूल देतात, वायर कापतात. वरून जखम लहान दिसते, आतले अवयव चेचलेले असतात. सोडवलेला प्रत्येक बिबट्या जगतोच असं नाही. आणि खात्याची गाडी पोचेपर्यंत त्या पिसाळलेल्या जनावरापासून चार हातांवर उभा गाव मोबाईल घेऊन जमलेला असतो. खुंट उपटला गेला तर पहिला कोण सापडेल, याचा विचार व्हिडिओ काढताना कुणी करत नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या यादीतला. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात. फासकी डुकराची होती, हे सांगून ती शिक्षा टळत नाही.

आपली स्वतःचीच कुत्री किती गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय? वाडीतली चांगली रानाची कुत्री दोन दिवस दिसली नाहीत की "बिबट्यान नेल्यान" म्हणून आपण मोकळे होतो. काही बिबट्यानं नेली असतील. काही कुठल्या गडग्याजवळ आहेत ते मला ठाऊक आहे. चरायला सोडलेली वासरंही त्याच वाटांनी जातात. वर्षानुवर्षं गाऱ्हाण्यात आपण देवाला म्हणतो, गुराढोरांची राखण कर म्हाराजा, आणि सारा मांड एका आवाजात म्हणतो, व्हय म्हाराजा. ज्यानं आदल्या आठवड्यात गुरांच्या वाटेवर वायर लावलेली असते तोही म्हणतो.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते खरं आहे. डुक्कर आवरत नाही. रात्री एक कळप आला की पिकलेलं भात झोपवून जातो, सुरण उकरून काढतो, माडाची नवी रोपं मुळासकट उपटतो. दिवसा माकडं, रात्री डुकरं. राखण करायला घरात माणूस नाही. पंचनाम्यासाठी खेटे घालायचे तर मजुरी बुडते, आणि मिळणारी भरपाई बघून खेटे घातल्याचा पश्चात्ताप होतो. त्यात परवान्याची बंदूक असलेल्यांची वेगळीच तऱ्हा. 2024 च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. भात कापणीला आलेलं, आणि निरोप काय, तर बंदुका जमा करा. डुकरांना आचारसंहिता कोण समजावणार होतं?

हे सगळं मान्य. पण डुकरं एवढी का झाली, हेही बोलायला हवं. आपल्या वाडीच्या खालच्या मळ्या आठवा. तिथे सलग भातशेती होती. आज त्यातले किती कोपरे नांगरले जातात? घरं बंद झाली, माणसं मुंबईला गेली, शेतं पडीक राहिली. पडीक शेतात आधी गवत वाढलं, मग घाणेरी, मग करवंदीच्या जाळ्या. डुकराला दिवसभर लपायला जागा लागते, ती आपण त्याला घराच्या मागच्या बाजूला करून दिली. पूर्वी ते डोंगरातून उतरून यायचं, आता त्याला उतरावं लागत नाही. एका बाजूला सड्यावर चिऱ्याच्या खाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर साफ करून काजूच्या बागा, मग जनावर जाईल कुठे? आणि त्या डुकराच्या पिल्लांवर, आजारी-म्हाताऱ्या डुकरांवर हात टाकणारा एकच शिकारी या भागात उरलाय, बिबट्या. त्याला आपण फासकीत मारतो.

फासकीनं डुकरं कमी झाली असं गावात कुणी सांगू शकेल का? इतकी वर्षं लागतायत. मला तरी तसं दिसलेलं नाही.

डुकरासाठी कायद्यात वाट आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तिच्यानुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम 11 असं सांगतं की दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं, तर अधिकार असलेला वन अधिकारी लेखी कारण नोंदवून ते मारायची परवानगी देऊ शकतो. म्हणजे परवाना असलेला नेमबाज, ठरलेली मुदत, ठरलेलं ठिकाण, आणि लपवाछपवी नाही. आपण ही वाट नीट कधी चाललोच नाही. एखाद्यानं अर्ज केला, उत्तर आलं नाही, विषय संपला. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. अख्ख्या गावाचा, ग्रामसभेच्या ठरावासह, सात-बारे जोडून गेला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे. एकेका कोपऱ्याला कुंपण घालून डुक्कर शेजाऱ्याकडे ढकलण्यापेक्षा मळी सलग घेतली तर खर्चही वाटला जाईल. आणि चाकरमान्यांनो, तुमच्या बंद घराभोवतीची जमीन निदान वर्षातून एकदा बेणून घ्या. शेती करा म्हणत नाही. कोयता चालवायला माणूस लावा, पैसे गुगल पे करा.

गावठी बाँब आणि कुंपणात सोडलेला वीजप्रवाह यांच्यावर मी लिहित बसत नाही. गाईचा जबडा फुटलेला ज्यानं एकदा पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि विजेच्या तारेला चिकटून मेलेला माणूस शेजारच्याच गावातला असतो. ते दोन्ही आजच्या आज बंद झालं पाहिजे, त्यात चर्चा कसली?

रात्री गाडीतून हेडलाइट मारत, डोळे चमकले की बार काढणाऱ्या तरुण मंडळींशी मात्र चार शब्द बोलायचेत. तुम्हाला रान आवडतं असं तुम्ही म्हणता, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. बाराही महिने ऑफिसात बसून आलेल्या माणसाला सड्यावरचा वारा लागला की काय होतं ते मला कळतं. पण काच खाली करून, गाणी चालू ठेवून, चार्जिंगच्या बॅटरीच्या उजेडात तुम्हाला रान दिसतं तरी किती? दुसऱ्या दिवशी स्टेटसला मेलेल्या डुकरावर पाय ठेवलेला फोटो, आणि उरलेली सागुती किलोवर. तो धंदा आहे. करणाऱ्यानं त्याला निदान बापजाद्यांची परंपरा म्हणू नये. बाबांनी तुम्हाला मोक्यावर बसवलंच नसतं.

रानातच जायचंय ना, मग आपल्या मुलखात कारणं कमी आहेत का? शेजारी आचऱ्याची गावपळण बघा. गाव बंद करून, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट सगळी माणसं तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात. त्या दिवसांत लहान पोरांना जे चांदणं दिसतं ते वर्षभर दिसत नाही. कुडोपीच्या सड्यावर जा, नाहीतर जरा वर राजापूर तालुक्यात कशेळीला. कातळावर केवढा तरी हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी जनावरं नि मासे. ज्या माणसांनी ते कोरलं ती शिकारीवर जगणारी असावीत असं अभ्यासक मानतात. पोट ज्यांचं त्या जनावरांवर होतं त्यांनी ती किती बारकाईनं बघितली असतील, ते उन्हं तिरपी झाल्यावर त्या रेघांशेजारी बसून बघा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर कुर्ल्यांना जा, चूड घेऊन, पूर्वीसारखे. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली कुर्ली सोडून द्यायची, एवढी एकच अट. चढणीच्या माशांबद्दलही खरं तर असंच म्हणायला हवं, ते बिचारे अंडी घालायलाच वर चढत असतात. पण ते म्हटलं तर गावात मला कुणी जेवायला बोलावणार नाही, म्हणून तो विषय पुढच्या पत्रात.

मानकऱ्यांना एक सांगायचंय. गावानं मनावर घेतलं की काय होतं याची उदाहरणं कोकणात आहेत. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी सर्रास काढून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाच्या साथीनं तिथे घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज त्याच गावात कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक राहायला येतात, गावातल्या घरी जेवतात, पैसे देतात. चिपळूणजवळच्या डुगवे गावानं 2020 साली खवलेमांजराची प्रतिकृती पालखीत बसवून उत्सव केला. जी पालखी आपल्याकडेही आहे, जो मान आपल्याकडेही आहे, त्याच्याच आधारानं. वनखात्याचा फलक वाकवून त्याची चूल करणारी माणसं देवाच्या मांडावर ठरलेली गोष्ट मोडत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिकडे रायगडात फणसाडचं अभयारण्य आहे, ते मुळात मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. 1986 मध्ये अभयारण्य झालं. शिकारीसाठी राखलं म्हणून का होईना, रान उभं राहिलं. आज तिथे शेकरू आहे, पिसोरी हरीण आहे, आणि उन्हाळ्यात गाणींवर, म्हणजे रानातल्या पाणवठ्यांवर, जनावरं येतात. ज्याला शिकार हवी होती त्याला रान राखावं लागलं. आपल्या पारधीच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत डोंगर साफ होताना एकदा तरी ग्रामसभेत तोंड उघडलंय का? सावज हवं, पण रान गेलं तरी चालेल, हे गणित मला जुळत नाही.

बाबा आता नाहीत. पण त्यांच्या तालमीतले तिघं-चौघं गावात आहेत, सगळे साठी ओलांडलेले, ज्यांना कुठल्या खिंडीतून भेकर जातं, साळिंदराचं बीळ कुठे आहे, गवा उतरला तर कुठल्या पाण्यावर येईल, हे डोळे मिटून सांगता येतं. वनखात्याचा नवा वनरक्षक घाटावरून आलेला पोरगा आहे, भला आहे, पण त्याला आपलं रान ठाऊक नाही. त्यानं या माणसांकडे संशयितांची यादी म्हणून न बघता त्यांना बरोबर घ्यावं, असं मी त्याला तोंडी सांगितलंय, इथे लेखी सांगतो. आणि आपल्या म्हाताऱ्यांनीही त्याला बघून पडवीतून आत जाऊ नये. फासकी कुठे कुठे लागते हे सगळ्यात चांगलं कुणाला माहीत असणार, ते मी लिहायला नको.

तर माझं मागणं असं. शिमग्याच्या आधी मांडावर हा विषय घ्या, आणि गावाच्या शिवेत फासकी लावायची नाही असं देवासमोर ठरवा. लावलेल्या काढायच्या आहेत. कुणी लावली हे विचारायचं नाही, दंड नाही, नाव नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं, खालच्या मळ्यांपासून सुरुवात करून गडग्यागडग्यानं सड्यापर्यंत जायचं. चाकरमानी पोरांनी यायचंच आहे. पक्कड नाहीतर वायर कापायचा कटर, कोयता, पाणी एवढं आणा. बंदुका घरी. कुठे जिवंत जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, दोघांनी लांब थांबायचं, बाकीच्यांनी मागे यायचं आणि वनखात्याच्या 1926 या नंबरावर फोन लावायचा. रेंज फक्त देवळाच्या टेंबावर येते, हे लक्षात ठेवा. तीन-चार म्हाताऱ्यांना मी आधीच विचारलंय, दोघं येतो म्हणालेत. तिसरे म्हणाले, गुडघे साथ देत नाहीत पण नकाशा काढून देतो.

कलम 11 चा अर्ज मी लिहून तयार ठेवलाय. ज्यांनी सात-बारा दिलाय त्यांची नावं जोडलीत, बाकीच्यांनी पाडव्यापर्यंत आणून द्या. गेल्या हंगामात तुमचं किती गुंठे भात गेलं तेही लिहून द्या, आणि खरं तेवढंच लिहा. वनरक्षक टेप घेऊन मोजायला येणार आहे, आणि त्याला चहा माझ्याच घरी द्यायचाय.

आपलाच,
खालच्या वाडीतला एक गावकरी,
तालुका मालवण